किल्ली माझ्याकडे आहे

ग्रिम्सबीत रविवारी सकाळी
हंबरवरून येणारा वारा
माशांचा आणि डिझेलचा वास घेऊन
थेट कानात शिरतो.
मी पावणेनऊला चॅपलचं कुलूप काढतो.
बॉयलरला दोन गुद्दे लागतात,
एक वर, एक जरा डावीकडे.
पाळकबाईंना ते जमत नाही,
म्हणून किल्ली माझ्याकडे आहे.
अकरा वर्षं.

आम्ही सारे मिळून नऊ.
सगुणा होती तेव्हा दहा.

होती म्हणजे, आहे अजून.
गोदीजवळच्या नर्सिंग होममध्ये, खिडकीकडच्या खाटेवर.
जूनमध्ये मेंदूत रक्त साकळलं
आणि तिच्या तिन्ही भाषा गेल्या:
इंग्रजी, हिंदी,
आणि जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात
अडलेल्या बायांवर जिच्यात ओरडायची, ती मराठी.
एकच शब्द उरला,
घर जळून जावं
आणि राखेत चिमटा सापडावा तसा.

दुखतंय का?
आहे.
चहा गार झालाय?
आहे.
रुबेनचा फोन आला होता, टोरांटोहून.
आहे.

नर्सपोरी विचारतात, म्हणजे काय?
काही नाही, मी सांगतो, एवढंसं क्रियापद.
आमच्यात वाक्याच्या शेवटी येतं.

थ्यूलिसबाई लेमन केक आणतात, म्हणतात,
देवाच्या मनात काहीतरी असणार.
इयोबाचे मित्र निदान सात दिवस
गप्प बसले होते.
केक मात्र चांगला असतो.

मी हल्ली प्रार्थना करत नाही.
म्हणजे डोळे मिटतो, आणि त्याला बोलतो.
चाळीस वर्षं हिनं परक्यांची ढुंगणं धुतली,
तुझ्या नावानं.
आता हिचं कोण धुतंय ते बघ.
ती वेल्श पोरगी,
जिचा तुझ्यावर काडीचाही विश्वास नाही,
आणि किती हळू हात आहेत तिचे.
तो काही बोलत नाही.
मीही आमेन म्हणत नाही.
फोन बंद न करता नुसता बाजूला ठेवावा,
तसं भांडण चालू ठेवतो.

गेल्या रविवारी गाडीतून उतरलोच नाही.
रस्त्यापलीकडे थांबलो, इंजिन बंद, किल्ली मुठीत.
पाहू तर खरं, म्हटलं,
त्याचं घर आज कोण उघडतं.

नऊला हॅरल्ड आला, नाकात ऑक्सिजनची नळी.
तरुणपणी आइसलंडकडे ट्रॉलरवर असायचा,
धाकटा भाऊ समुद्रानं तिकडेच ठेवून घेतला.
मग थ्यूलिसबाई. मग त्या दोघी बहिणी,
ज्या एकमेकींशी बोलत नाहीत.
पायरीवर उभे राहिले.
कुणी दार ठोकलं नाही,
कुणी फोन काढला नाही.
मी येणार हे त्यांनी इतकं धरून चाललेलं
की मला रागच आला.
हॅरल्डनं फक्त टोपी कानांवर ओढली.

उतरलो.
उशीर झाला, एवढंच म्हटलं.
बॉयलरला त्या दिवशी तिसरा गुद्दा घातला,
त्याची गरज नव्हती.

संध्याकाळी सगुणेला सगळं सांगितलं,
तिची नखं कापता कापता.
प्रभुभोजनाचा इवलासा पेला
रुमालात गुंडाळून नेला होता,
रस कोटाच्या खिशातच सांडला.
उरलेला थेंब बोटानं तिच्या ओठांना लावला.

एक प्रश्न मी चार महिने विचारलेला नाही.
तिच्याकडे उत्तर एकच,
आणि ज्याच्याकडे एकच उत्तर आहे
त्याची साक्ष कुठल्या कोर्टात चालते?
म्हणून नाही विचारला.
करंगळीचं नख राहिलं होतं, ते कापत होतो.

बाहेर गोदीचे दिवे लागत होते.
तिनं तिकडे पाहिलं,
आणि कुणी काहीच विचारलेलं नसताना
म्हणाली.

मी तिचा दुसरा हात
मांडीवर घेतला.