उणे चाळीस

स्कॅनरच्या पडद्यावर आकडा आला: उणे चाळीस.
उइबान म्हणाला, मग बरोबरच आहे की,
बाहेर तेवढंच आहे.

आणि होतंच तेवढं.
याकुत्स्कला जानेवारीत असतं,
कुत्रीही भुंकायचा कंटाळा करतात, तेवढं.

पण गाडी तासभर गॅरेजात उभी, इंजिन चालू.
वरची रबरी नळी फुगून टणक,
हात लावला की चटका.
सार्गिलानाने आपले ओले हातमोजे
त्याच इंजिनावर वाळत घातलेले.

खोटं बोलायला याहून सोयीची जागा नाही, ती म्हणाली.
दक्षिणेत कुठे असता
तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं याला.

त्या आकड्यावर विश्वास ठेवून
पत्र्याच्या डबीतला तो मेंदू
तीन आठवडे पेट्रोल पाजत राहिला होता.
गारठलाय बिचारा. अजून एक घोट. अजून एक.
स्पार्क प्लग काजळीने माखलेले,
मागे बर्फावर काळा पट्टा,
आणि पंपावरची बाई उइबानला नावाने ओळखू लागलेली.

सेन्सर दोनदा बदलून झाला होता.
एक नवा, एक मेहुण्याच्या भंगार गाडीतला.
रोग रेड्याला, औषध पखालीला.

सार्गिलानाने नवा काढला,
उइबानच्याच चहात बुडवला, मीटर लावला.
चारशे ओहम. सहाशे. नऊशे.
चहा निवत गेला तसा आकडा चढत गेला,
कुठे अडखळला नाही.
हा शहाणा आहे, ती म्हणाली.
चहा मात्र आता पिऊ नका.

मग सेन्सरच्या रिकाम्या प्लगात
तारेचा तुकडा खोचून दोन्ही टोकं जोडली.
आता पडद्याने बोंब मारायला हवी होती:
उकळतंय, उकळतंय.

उणे चाळीस.

हं, ती म्हणाली. एवढंच.
निरोप देणारा ठीक आहे. निरोप पोचतच नाही.

उघड्या बोटांनी ती वायर चाचपत निघाली,
वीत वीत, चिमटीत धरून जरा ओढत.
सगळीकडे ताठ.
बॅटरीच्या पट्टीखाली मात्र
एका जागी वायर लांबली,
च्युइंगमसारखी, लाज न बाळगता.

वरचं प्लास्टिक अगदी धड.
कापलं तर आत तांबं नाही,
हिरवी भुकटी, चिमूटभर.

तिने डाख दिला, वरून टेप गुंडाळली,
उइबानला म्हणाली, तुम्हीच बघा.
आकडा चढला नाही, एकदम तिथे पोचला: अठ्ठ्याऐंशी.
इंजिनाचा आवाज खाली उतरला,
जेवणाच्या पानावरून
पोट भरलेलं माणूस उठावं तसा.

पैसे किती, त्याने विचारलं.
वायरचे काही नाहीत, ती म्हणाली, शोधायचे द्या.

बाहेर पडताना दाराशी
खिळ्याला टांगलेला जुना थर्मामीटर.
उणे एकेचाळीस.
उइबान थांबला. काचेवर टिचकी मारली.
वाट पाहिली.
पुन्हा मारली.