हातचा

हडर्सफील्डच्या ग्रंथालयात शनिवारी दहा ते एक
जुनी यंत्रं जगवायचं टेबल असतं.
भाजीच्या ट्रॉलीत टॉवर घातला, वर माझा रेनकोट,
चढावर दोनदा थांबले.

डेस्मंड पिनॉक, जन्मभर बसची इंजिनं उघडलेला,
त्यानं झाकण काढलं.
"तेरा वर्षं? बाई, या पंख्यात तुमचं अर्धं घर आहे."
होतंच. लोकर, राखाडी भुगा,
केतकीच्या शाळेच्या स्वेटरचा निळा धागा.
ती आता रेडिंगला असते, आणि
नव्या लॅपटॉपच्या लिंका पाठवते.

पडद्यावर रोज यायचं: हे यंत्र पात्र नाही.
पात्र!
जणू मी व्हिसाच मागितला होता.

चाळीस मिनिटांत लिनक्स चढलं. फुकट.
मग मेमरी नऊ पौंड, ड्राइव्ह बावीस.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
हे डेस्मंडला इंग्रजीत सांगताना
कोंबडी वाटेतच मेली.

घरी ओट्यावरच्या मीटरनं दाखवलं: पंचाण्णव वॉट.
मी बावीस वर्षं बिल्डिंग सोसायटीच्या काउंटरवर काढली.
एका पेनीचा फरक असला
तरी शटर खाली आणि आम्ही आत.
तेव्हा लिहिलं: रोजचे सहा तास,
दिवसाला पंधरा पेन्स, वर्षाला चोपन्न पौंड.
डेस्मंडच्या कपाटातलं वीतभर डबडं
ऐंशीला, आणि दहा वॉटवर चालतं.
पहिलं वर्ष मी एका पौंडानं जिंकते.
दुसऱ्यापासून हरते,
आणि मग हरतच राहते.

फोन केला. "पण जानेवारीत ऊब येते ना त्यातून?"
"गॅसच्या चौपट दराची," तो म्हणाला.
लिनक्सचा माणूस,
लिनक्ससाठीसुद्धा खोटं बोलला नाही.
"डबड्यावरही हेच चालेल. त्याला यंत्राचा मोह नाही."
पुढचं वाक्य त्यानं गिळलं,
मला ऐकू आलं.

हातचं सोडून पळत्यामागे लागू नये म्हणतात.
पण हे हातचं बसल्या जागी
दर तासाला अडीच पेन्स पळतंय,
त्याचं काय करायचं, म्हणीत नाही.

काल रात्री कौन्सिलच्या लिफाफ्यामागे
बेरीज पुन्हा मांडली.
नऊ, बावीस, चोपन्न.
नऊ नि दोन अकरा, नि चार पंधरा,
पंधराचे पाच, हातचा एक.
एक वर बारीक लिहिला.
मिळवला नाही.
पंचाऐंशीचे पंचाहत्तर झाले
आणि कुणी शटर ओढलं नाही.

मग बटण दाबलं.
पंखा आधी खाकरला, मग लागला.
मीटर उचलून
भिंतीकडे तोंड करून ठेवला.
दिवा हिरवा आहे की लाल,
ते भिंतीला माहीत.