ओरोसियाची अंगुस्तानं

दर मंगळवारी वरच्या आळीत जाते मी
ओरोसियाची नाडी मोजायला.
तेरुएलच्या डोंगरातलं गाव. घरं एकवीस,
त्यांतल्या आठांतून धूर निघतो.
नळाला पाणी सहा ते आठ.
ऊन मात्र वेळ पाळत नाही,
रात्रीसुद्धा भिंतींतून झिरपत राहतं.

ती मनगट पुढे करते, डोळे खिडकीबाहेर.
"गप्प बस जरा," मी म्हणते, "मोजतेय."
"मीपण," ती म्हणते. "आज चार उमलली."

नवरा अस्तुरियासचा. तिकडे म्हणे पाऊस
घरच्या माणसासारखा, न विचारता आत येतो.
एवारिस्तो दर शरदात गावाहून
जांभळ्या फुलांचं बी आणायचा,
तपकिरीइतकं बारीक, कागदाच्या पुडीत,
पुडीवर तारीख घालून.
पहिल्या वर्षी पानं यायची, मऊ, लवदार.
दुसऱ्या वर्षी दांडा, जेमतेम गुडघ्याएवढा,
आणि जूनच्या मध्यात तो मान टाकायचा.
मग एवारिस्तो भांड्यांचं पाणी घालायचा,
आंघोळीचं घालायचा,
एकदा तर देवळातल्या दगडी कुंडीतलं,
पाद्री जेवायला गेला असताना.
बेचाळीस वर्षं.
मुळं सडून हातात आली
तेव्हाही म्हणाला, तहानेनं गेली बिचारी.

तो गेला, आणि तिनं वाफा मोडला.
भाच्याकडून खाणीतली खडी मागवली, दोन ट्रॉल्या,
पांढरी, चुनखडीची.
"उगवायला नको आता काही.
गुडघे वाकत नाहीत माझे."

खडीबरोबर कोण आलं, कुणी पाहिलं नाही.
तिसऱ्या वसंतात दगडांच्या फटीतून
वाळुंजीसारखी अरुंद पानं,
करडी, चिवट, कुणाचं काही देणं नसल्यासारखी.
तिला वाटलं तण. उपटायला वाकणार कोण?
राहू दिलं.
मे सरता सरता त्याला घंटा लागल्या,
जुन्या बिजागरीच्या रंगाच्या, गंजक्या,
आणि आत, वाकून पाहिलं तर, तांबड्या शिरा.

देदालेरा म्हणतो आम्ही. अंगुस्तानवाली.
पन्नास वर्षं गावाचे कपडे शिवलेली बाई
एक फूल बोटात घालून बघते.
"सैल होतंय," म्हणते. "बोटंच वाळली माझी."

"तोंडाला हात लावू नका, विष आहे ते.
हृदयाच्या गोळ्यासुद्धा ह्याच कुळातल्या."
"म्हणजे तू आणतेस ती आणि ही बहिणी?"
"सख्ख्या नाहीत. चुलत."
इतकी हसली की नाडी पुन्हा मोजावी लागली.

जुलैत एकदा मला ती पानं सुकल्यासारखी दिसली.
बाटलीतलं उरलेलं पाणी ओतायला गेले
तर तिनं माझं मनगट धरलं.
इतक्या मंगळवारांत पहिल्यांदा तिनं माझं.
घट्ट. शिवणाऱ्या बाईची पकड.
"नको. ती झोपलीय, तहानलेली नाही.
हा फरक त्याला कधी कळला नाही."
आणि मग, बाटलीचं बूच शोधत,
"मी सांगितलंही नाही. त्याला पाणी घालायला आवडायचं."

ऑगस्टमध्ये तिनं शिवणाच्या डब्यातून पुडी काढली.
शेवटची. तारीख त्याच्या हातची, सहा वर्षांपूर्वीची.
"पेरू का?" मी विचारलं.
"इथे? वेडी आहेस?
तू ओव्हिएदोला जाणार ना बहिणीकडे,
तिथे एखाद्या ओल्या बांधावर टाक.
माती लोटू नकोस वर. उजेड लागतो त्यांना."
"सहा वर्षांचं बी, उगवेल?"
तिनं खांदे उडवले, मनगट पुढे केलं.

ठोके एकसष्ट. मधेच एक गाळलेला.
वहीत लिहिलं.
आता बस डोंगर उतरतेय,
खिडकीबाहेर सगळं पिवळं, ठणठणीत,
पुडी माझ्या पिशवीत, थर्मामीटरशेजारी.
मी ती कानाशी धरून हलवते.
काही वाजत नाही.