सीटमागची जागा

मी आयुष्यभर पेट्या केल्या.
स्वयंपाकघरातली कपाटं, चर्चची दानपेटी,
हॉब्जमधल्या चार-पाच म्हाताऱ्यांच्या शवपेट्या,
एकदा तर मधमाश्यांसाठी चाळीस, एकाच मापाच्या.
पण रिकामीच ठेवायची म्हणून पेटी
आजवर कुणी मागितली नव्हती.

एलिसेओ म्हणतो, "मामा, आत ठेवायचं काहीच नाही.
आत फक्त हवा."
आणि त्या हवेचं माप त्यानं
टायरच्या दुकानाच्या बिलामागे लिहून आणलंय:
पाऊण घनफुटाला थोडी कमी,
त्यातून स्पीकरच्या चुंबकाची जागा वजा.
हेच पोरगं गणितात दोनदा नापास.

ट्रक हर्मिनियाचा. माझ्या बहिणीचा.
दोन दारं, एकच सलग सीट,
आणि सीटमागे तिचा सगळा संसार:
घडीची खुर्ची, घोंगडी, बॅटरीच्या केबल,
तेलविहिरीवरच्या पोरांना तामाले विकून
परत येणारं रिकामं पातेलं.
आता तिथं धूळ आहे
आणि मक्याच्या पानाचा एक वाळका तुकडा.
तो त्यानं उचलला नाही.
मीही त्याच्या बाजूनंच टेप लावला.

आधी पुठ्ठ्याचा साचा.
केबिनची भिंत तिरकी, सीटची पाठ तिरकी,
भांडून पाठ फिरवून बसलेल्या जावा जशा.
वर साडेतीन इंच, खाली आठ.
"सीट दोन इंच पुढे घेतली तर बसेल," मी म्हटलं,
"पण तुझे गुडघे?"
"सीट पुढेच आहे, मामा."

होती की.
हर्मिनिया जेमतेम पाच फूट,
क्लचपर्यंत पाय पोचावा म्हणून
पार पुढे ओढून बसायची.
आणि हा सहा फुटांचा टोणगा
अकरा महिने गुडघे स्टिअरिंगला टेकवून
माझ्या दारावरून जा-ये करतोय.
मी रोज हात हलवला. दिसलं नाही.

सीटखालची खीळ मी तपासली.
चांगली होती. ओढली असती तर सरकली असती.
मी माप पुन्हा घेतलं,
आणि पेटी दीड सूत बारीक धरली,
सीटला धक्का नको म्हणून.

मग कापणं, गोंद, शिकंजे.
दर तीन इंचांवर स्क्रू, आधी भोक पाडूनच,
नाहीतर ही दाबलेल्या भुशाची फळी कडेला फुलते.
सांध्यात सिलिकॉन, बोटानं सारवलेलं.
एलिसेओ म्हणाला, आत कापूस भरायचा,
म्हणजे स्पीकरला वाटतं, घर मोठं आहे.
तो उशी आणायला गेला
आणि मी घाबरून बसलो.
पण उशी नवी होती,
दुकानाची चिठ्ठी अजून लटकत असलेली.
मी कात्री दिली.

स्पीकर बसवला. त्याचा शंकू बोटांनी हळूच दाबला;
सावकाश, नाराज माणसासारखा परत आला.
म्हणजे हवा गळत नाही.
शवपेटीची अशी परीक्षा कुणी घेत नाही.

गाणं लागलं. शब्द मला कळले नाहीत,
ते गाणाऱ्यालाही कळले असतील का, शंका आहे.
ॲशट्रेमधली चिल्लर नाचली,
माझी खालची कवळी हलली,
आणि मग पाठीत, मणक्याच्या जरा डावीकडे,
ठक्. ठक्. ठक्.
चर्चमध्ये मागच्या बाकावरून
हर्मिनिया अशीच लाथ मारायची,
मी वळून पाहिलं की डोळे मिटून प्रार्थना.

मी वळलो नाही.
मागे पेटीच होती, मीच केलेली.

"कसं वाटतंय?" एलिसेओ ओरडला.
मी म्हटलं, नंबरप्लेट खडखडतेय.
उद्या ये, तिच्यामागे फेल्टची पट्टी लावू.