पितळी डबी

अंकलीच्या पुलावर, ऐन मधोमध, गाडी थांबली.
डिकीत नऊ भोपळे, गोणपाटात गुंडाळलेले,
आणि समोर काटा, नेहमीसारखा, रिकाम्यावर.

नेहमीसारखा. तिथंच फसलो.
दीड वर्ष तो रिकामंच म्हणत होता,
टाकी काठोकाठ भरून आणली तरी रिकामं,
म्हणून त्याच्याकडं बघणं मी सोडून दिलेलं.
ऑर्डरच्या वहीत, तंबोऱ्यांच्या मापांखाली,
किती किलोमीटर, किती लिटर, लिहून ठेवायचो.
त्या दिवशी लिहायचं राहिलं
आणि नेमका त्याच दिवशी तो खरं बोलला.

जिनपाल कुंभोजेचं दुकान वानलेसवाडीच्या अलीकडं.
पोरगं म्हणालं, नवा मीटर टाकू.
"आधी इचारायचं, मग बदलायचं," जिनपाल म्हणाला.
फ्यूज उजेडात धरला. तार शाबूत.
मग डिकीत वाकून टाकीच्या माथ्यावरची वायर सोडवली,
मला चावी फिरवायला लावली
आणि वायरचं टोक उघड्या पत्र्याला टेकवलं, जरासंच.
"बघा की म्होरं!"

काटा उठला.
आयर्विनला पाणी चढतं तसा,
चाळीस फूट, बेचाळीस,
आणि सगळं मिरज-सांगली विचारत राहतं, आता किती, आता किती,
तसा चढत चढत भरल्यावर जाऊन टेकला.
टाकीत तेव्हा बाटलीभर पेट्रोल असेल नसेल.

म्हणजे हा बिचारा खोटारडा नव्हताच.
खालून येईल तो निरोप वाचून दाखवत होता.

"अर्थ लागतोय का बघ," जिनपाल पोराला म्हणाला.
वायरचा अर्थ. गंज खरवडून बघितला, लागत होता.
सहा स्क्रू काढून टाकीतला दांडा बाहेर घेतला,
हातानं वर केला: मीटरवरचे आकडे उतरले,
खाली सोडला: चढले.
तेही बरोबर.
जिनपालनं टोपी काढून डोकं खाजवलं.
सगळे आपापल्या जागी खरे
आणि गाडी पुलावर बंद.

दांड्याच्या टोकाला पितळेची डबी होती, लिंबाएवढी.
ती मी मागून घेतली, कानाशी नेऊन हलवली.
हा तर माझा धंदा.
आत सुटलेलं बी मला ऐकू येतं,
न वाळलेली ओल ऐकू येते,
भोपळेवाले म्हणूनच मला दुसऱ्या ढिगाकडं नेत नाहीत.
डबीच्या आत एक जड चुळबुळ होती,
चोरून खाल्लेलं तोंडात धरून बसल्यासारखी.

"प्यायलीय ही," मी म्हटलं.

तिला काम एवढंच होतं,
आत काही न ठेवता वर राहायचं.
ती भरली, बुडाली,
आणि तळाशी बसून भरल्या टाकीला रिकामी म्हणत राहिली.

चहावाल्याकडनं ऊन पाणी आणलं, डबी त्यात दाबून धरली.
सांध्यातून एक बुडबुडा आला. मोहरीएवढा.
बराच वेळ काही नाही. मग दुसरा.
"आज डाग द्यायचा न्हाय," जिनपाल म्हणाला,
"आतलं सुकल्याबिगर कावी लावली
तर डबीआधी मीच तरंगीन."

दोन दिवस ती त्याच्या खिडकीत उन्हाला पडून होती,
अगरबत्तीच्या पुड्याशेजारी.
तिसऱ्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीएवढा डाग.

आता काटा हलतो.
वळणावर थोडा झुलतो, चढाला मागं रेलतो.
पण डागाचं म्हणून काही वजन असतंच,
डबी पूर्वीपेक्षा केसभर खाली तरंगते
आणि आहे त्याहून जरा कमीच सांगते.
"दांडा वाकवून बरोबर करू का?" जिनपालनं विचारलं.
मी नको म्हटलं.

घरी आल्यावर नऊ भोपळे ओट्यावर मांडून
एकेक बोटानं वाजवला.
आठ बरे निघाले.
नववा पुन्हा वाजवला, मग आणखी एकदा,
आणि खिडकीत ठेवला.