लादीखालची तार

गवंडी विचारतोय, हो की नाही?
सिमेंट कालवून झालंय, ते थांबणार नाही.
पावसानं दोन दिवसांची उघडीप दिलीय,
आणि उखडलेल्या खोलीच्या उंबऱ्यावर मी बसलोय,
मांडीवर निळ्या तारेची गुंडाळी घेऊन.
भाच्यानं ओस्लोहून सामानात घालून आणली,
परत जाताना पाच किलो काजूगर नेईन, या बोलीवर.

बर्गनला जहाज लागलं होतं तेव्हा
एजंटच्या घरी, न्हाणीघरात अनवाणी उभा राहिलो.
बाहेर बर्फ. पायाखाली
नुकतीच गाय उठून गेलेल्या जागेसारखी ऊब.
तेव्हाच ठरवलं, हर्णैला घर बांधीन तर असं.
पत्र वाचून रुकय्या हसली असणार. उत्तरात एवढंच होतं:
"मे महिन्यात अंगणात पाय भाजून उड्या मारता,
आणि वर वीज जाळून आणखी भाजणार?"

पण आषाढात मीठ बरणीतच पाणी होतं.
चपलांना पांढरी लव येते,
कपाटातली माझी शेरवानी कुबट वास मारते,
लादीला घाम सुटतो, जानमाज कडेकडेनं भिजते.
चार महिने आमचं घर
आमच्या बाजूनं नसतं, समुद्राच्या बाजूनं असतं.

दीपेश वायरमननं टाइल्सच्या खोक्यावर हिशेब मांडला.
दहा बाय बारा, इतके वॅट, अर्थिंग नवं,
मीटरचा लोड वाढवायचा, त्याचा अर्ज वेगळा.
"आणि काका, वारा सुटला की लाईट जाणार.
हवी असेल नेमकी त्याच रात्री."
खरंय. गेल्या वर्षी तीन रात्री
आम्ही मेणबत्तीत सुका बोंबील चाचपडत खाल्ला.

मग त्यानं खोक्यातला कागद उलटला, अडखळत वाचला,
"मधुमेह असल्यास... पायांना संवेदना कमी असल्यास..."
आणि थांबला.
माझ्या डाव्या पायाकडे कुणीच पाहिलं नाही,
सगळ्यांनी एकदमच पाहिलं नाही.

त्या पायात खिळा शिरला होता, परवाच्या रमजानात.
मला कळलं ते लादीवर उमटलेल्या लाल पावलांमुळे,
आणि मी विचारलं होतं, कोण आलं होतं घरात?

मग ही तार मी कुणासाठी पुरतोय?
बर्गनच्या त्या तिशीतल्या खलाशासाठी?
तो मधल्याच कुठल्या तरी बंदरात उतरून गेला.

रुकय्यानं मांडीवरची गुंडाळी उचलली.
"घाला. पण खोलीभर नको. खिडकीशी,
मी फजरला उभी राहते तेवढ्यात. गुडघे माझे आहेत."
तार कापता येत नाही काकी, दीपेश म्हणाला.
"मग उरलेली कपाटापुढून ने, शेरवानीला लागू दे.
आणि तुम्ही तिथं चप्पल घालूनच यायचं.
गरम झालंय का ते मला विचारायचं."

गवंड्यानं थापी उचलली.
मीटरच्या अर्जाचं काय करू, दीपेशनं विचारलं.
"लाईट येऊ दे आधी," ती म्हणाली,
"सकाळपासून गेलीय."