खोली दाखवा

खोली दाखवा, तो म्हणाला.
डेल्फीनने लॅपटॉप उचलून फिरवला:
आरसा, टॉवेल, कपड्यांचं मशीन,
त्यावर इस्त्रीची फळी. तेच टेबल.
घरात कडी लागते ती हीच एक खोली.

बाह्या वर करा. कानामागचे केस बाजूला.
आवाज कसला?
नळाचा. पाइप गोठतात, बंद करता येत नाही.
बाहेर मॅनिटोबाचा फेब्रुवारी, उणे एकतीस.
बराच वेळ त्याने काहीतरी टाइप केलं.

घसारा, येणी-देणी, ताळेबंदाच्या दोन्ही बाजू,
रात्रपाळीत औषधांच्या गाडीवर चिकटवून पाठ केलेलं सगळं
आता ओठ न हलवता आठवायचं.

चौदाव्या प्रश्नाला दारावर टकटक.
ओडेट?
बाबा. हाक आईला.
ओडेट, माझे बूट कुठे गं?

बोललं तर परीक्षा रद्द.
आई जाऊन सहा वर्षं झाली,
आज तिच्या वाट्याचंही गप्प राहायचं.

मग दाराला पाठ घासत
कुणीतरी हळूहळू खाली बसलं.
नळ ठिबकत राहिला.

आठवड्याने पत्र आलं:
दोन वाजून सात मिनिटांनी
विद्यार्थिनीने नऊ सेकंद दाराकडे पाहिलं.
खुलासा करावा.

तिने लिहिलं:
बूट त्यांच्या पायातच होते.